नकोशा जाहिरात-संदेशांना आळा : शुल्क भरणे कितपत आवश्यक?

वाराणसीत निवास, नौकाविहार वा पूजेसाठी नोंदणी करताना यात्रेकरूला आपला मोबाईल क्रमांक ठिकठिकाणी द्यावा लागतो. हा क्रमांक पुढे जाहिरातदारांच्या हाती लागण्याची शक्यता असते. नकोसे दूरध्वनी व लघुसंदेश रोखणाऱ्या सशुल्क सेवा उपलब्ध असल्या, तरी देशातील मूळ प्रतिबंधक व्यवस्था निःशुल्क आहे.

१९०९ ची सुविधा

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) नियमांनुसार २००७ मध्ये 'डू नॉट कॉल' नोंदवही अस्तित्वात आली. २०१८ च्या नियमांनी ही व्यवस्था अधिक कडक केली. ग्राहकाने १९०९ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास किंवा रोमन लिपीत 'स्टार्ट ०' असा लघुसंदेश पाठविल्यास सर्व जाहिराती बंद करता येतात. बँकिंग, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन आदी आठ गटांपैकी हवे तेवढेच गट बंद करण्याचीही सोय आहे. ओटीपी आणि बँक व्यवहारांचे संदेश त्यामुळे थांबत नाहीत. वाराणसी उत्तर प्रदेश (पूर्व) दूरसंचार परिमंडळात मोडते. तथापि ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरातील मराठी रहिवासी असोत वा पुण्याहून आलेले यात्रेकरू, सर्वांसाठी क्रमांक एकच आहे.

नोंदणीची मर्यादा

नोंदणी नसलेले विक्रेते साध्या दहा अंकी क्रमांकांवरून संपर्क साधतात, तेव्हा पसंतीची नोंद पुरेशी ठरत नाही. तक्रार करावी लागते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार तक्रारीसाठी सात दिवसांची मुदत असून, अशा विक्रेत्यांवर पाच दिवसांत कारवाई अपेक्षित आहे. पूर्वी ही मुदत ३० दिवस होती. एखाद्या व्यवहारापुरती दिलेली संमतीही आता सात दिवसांपुरतीच ग्राह्य धरली जाते. फसवणुकीचा संशय असल्यास 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' सुविधेद्वारे माहिती देता येते. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

सशुल्क सेवांतून काय मिळते?

'ट्रूकॉलर'सारखी अॅप संपर्क साधणाऱ्याची ओळख दाखवितात आणि नकोसे क्रमांक ग्राहकाच्या फोनवर अडवितात. वर्गणीदाराला अधिक सोयी मिळतात. अॅपमधील जाहिरातींपासून सुटका ही त्यांतीलच एक. परंतु दूरसंचार कंपनीकडील पसंतीची नोंद अशा वर्गणीमुळे बदलत नाही आणि विक्रेत्यावर कारवाईही होत नाही. अॅपला फोनमधील कोणती माहिती वाचण्याची परवानगी द्यावी, याचा विचारही ग्राहकाने करणे आवश्यक आहे. एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून संशयित दूरध्वनींची सूचना देणारी सेवा अतिरिक्त शुल्काशिवाय सुरू केली.

ग्राहकाने काय करावे?

प्रथम १९०९ वर नोंदणी करावी आणि त्यानंतरही येणाऱ्या प्रत्येक जाहिरातीची मुदतीत तक्रार नोंदवावी. एवढे करूनही त्रास कायम राहिल्यास मोफत अॅप वापरून पाहावे. अनोळखी क्रमांकांवरून सतत व्यवसायाचे दूरध्वनी स्वीकारावे लागणाऱ्यांना वर्गणी सोयीची ठरू शकते. इतरांना तिची निकड नाही. १९०९ वरील नोंदणीस शुल्क नसल्याने, तिच्या नावाने कोणी पैसे किंवा ओटीपी मागितल्यास तो देऊ नये.