जुनी मोटार आणि सुरक्षापट्ट्याचा नियम

कायद्याचा इतिहास हा राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका मनोरंजक वाटत नाहीं, ही गोष्ट खरी आहे. परंतु कधीं कधीं एखाद्या लहानशा नियमांत साऱ्या शतकाची वाटचाल सांठविलेली असते. मोटारींत बसणारानें कमरेवरून व खांद्यावरून जो पट्टा बांधावयाचा असतो, त्याचा नियम असाच आहे. आज हा पट्टा न बांधणारास दंड होतो. मग साठ किंवा नव्वद वर्षांपूर्वींची एखादी मोटार कोणी हौसेनें जतन केली, आणि ती पुन्हां नोंदवून रस्त्यावर आणावयाचें मनांत आणलें, तर तिचें काय? तिच्यांत पट्टा मुळींच नव्हता. तो नव्यानें बसवावा लागतो काय? न बसवितां ती चालविली तर गुन्हा घडतो काय? या प्रश्नांचीं उत्तरें इतिहासांतच सांपडतात. म्हणून प्रथम आपण इतिहासाकडेच वळूं.

आमचें आंजी (मोठी) हें गांव वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. या मुलुखांत एके काळीं कापसाच्या बैलगाड्या हेंच मुख्य वाहन होतें. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालण्याहून फारसा अधिक नसतो. तींतून कोणी खालीं पडला तर बहुधा धूळ झाडून उठे. माणसाला वाहनाशीं बांधून ठेवावें, ही कल्पनाच त्या वेगांत कोणास सुचण्यासारखी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत मोटार आली. पुढें १९२८ सालीं शिवडी येथें जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना निघाला आणि मोटारी देशांतच जोडल्या जाऊं लागल्या. हळूहळू त्या वकील, डॉक्टर व सावकार यांच्या दारांत उभ्या राहिल्या. या वाहनांसाठीं १९३९ सालचा मोटार वाहन कायदा झाला. त्यांत नोंदणी होती, चालकाचा परवाना होता, वेगाची मर्यादा होती, विमाही होता. पट्ट्याचें मात्र नांवही नव्हतें.

वर्ध्यांत त्या काळची एक आठवण अजून सांगतात. महात्माजींनीं १९३६ सालीं सेवाग्रामांत वस्ती केली, त्या सुमारास जमनालालजी बजाज यांच्याकडील एका फोर्ड मोटारीचें यंत्र काढून तिला बैल जुंपले गेले, आणि ‘ऑक्स’ म्हणजे बैल, म्हणून त्या वाहनाला विनोदानें ‘ऑक्सफर्ड’ असें नांव पडलें! ही कथा आजच्या विषयाच्या दृष्टीनेंही बोधप्रद आहे. मोटारीचा धोका तिच्या सांगाड्यांत नसून तिच्या वेगांत आहे. यंत्र काढून बैल जुंपतांच तीच फोर्ड पुन्हां निरुपद्रवी झाली. तिला पट्ट्याची गरज उरली नाहीं.

वेगाचा हा हिशेब थोडा नीट समजून घेऊं. ताशीं ५० किलोमीटर वेगानें चाललेली मोटार झाडावर आदळून एकाएकीं थांबली, तर आंतील माणसाचें शरीर त्याच वेगानें पुढें जात राहतें. पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमानें हा आघात सुमारें १० मीटर, म्हणजे बत्तीस-तेहतीस फूट उंचीवरून खालीं पडण्याइतका असतो. आमच्या भागांतील एखाद्या कोरड्या विहिरींत कोणी कांठावरून पडावा, तसाच हा प्रकार. वेग दुप्पट झाला कीं ही खोली दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशीं १२० किलोमीटर वेगास ती सुमारें ५६ मीटरांवर जाते. हाताच्या बळावर आपण स्वतःला सांवरूं, ही समजूत येथें टिकत नाहीं.

पट्ट्याचा पहिला उपयोग केला तो वैमानिकांनीं. उघड्या विमानांतून बाहेर फेंकले जाऊं नये म्हणून ते स्वतःस बांधून घेत. मोटारींत कमरेचा पट्टा आला तो पुष्कळ उशिरां, आणि तोही अपुरा होता; कारण त्यानें कंबर जागच्या जागीं राहिली तरी छाती व डोकें पुढें आदळे. १९५९ सालीं स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीच्या नील्स बोलिन या अभियंत्यानें कंबर व खांदा या दोहोंस धरणारा, तीन ठिकाणीं अडकविलेला पट्टा तयार केला. विमानांतून वैमानिकास बाहेर फेंकणाऱ्या आसनांचें काम त्यानें पूर्वीं केलेलें होतें. त्या कंपनीनें या शोधाचा हक्क इतर कारखानदारांस खुला ठेविला, हें तिचें औदार्य विसरण्यासारखें नाहीं.

साधन निघालें, पण लोक तें वापरीनात. तेव्हां कायद्यास पुढें यावें लागलें. १९७० च्या डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें पट्टा बांधणें सर्वप्रथम सक्तीचें केलें. इंग्लंडांत पुढील आसनांवर पट्टा बांधण्याची सक्ती ३१ जानेवारी १९८३ पासून झाली; मात्र १९६५ पूर्वींच्या ज्या मोटारींत पट्टे नव्हतेच, त्यांना ते बसविण्याची सक्ती तेथेंही झाली नाहीं. जें वाहन ज्या काळच्या नियमांप्रमाणें निर्माण झालें, त्याला त्या काळच्या नियमांनींच मोजावें, असें हें तत्त्व आहे.

आतां आपल्या देशाकडे येऊं. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला आणि त्याच वर्षीं केंद्रीय मोटार वाहन नियम झाले. या नियमांत १९९३ सालीं दुरुस्ती होऊन, एक वर्षाच्या मुदतीनंतर, म्हणजे १९९४ पासून, चालकासाठीं व त्याच्या शेजारच्या आसनासाठीं पट्टा बसविण्याची जबाबदारी मोटारी तयार करणाऱ्या कारखानदारांवर टाकण्यांत आली. मागील आसनांचा नियम त्यानंतर आला. पट्टा बांधण्याविषयींचा नियम वेगळा आहे, आणि त्याची शब्दयोजना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ज्या वाहनांत या नियमान्वयें पट्टे पुरविलेले आहेत, त्या वाहनांत बसणारांनीं वाहन चालू असतां ते बांधलेच पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. अर्थात् कर्तव्याची सुरुवात कारखानदारापासून होते व शेवट प्रवाशापाशीं होतो. जेथें पहिलें कर्तव्य लागूच नव्हतें, तेथें दुसरेंही उद्भवत नाहीं. १९५० किंवा १९६५ सालच्या मोटारीच्या नोंदणीच्या वेळीं पट्ट्याचा आग्रह धरण्यास म्हणूनच आधार उरत नाहीं. १९९४ नंतरच्या मोटारींतून मात्र पट्टे काढून टाकणें किंवा ते न बांधणें यास कसलीच सबब चालत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें त्याबद्दल १००० रुपये दंड ठरविला आहे.

येथपर्यंत ऐकून एखादा श्रोता म्हणेल, “मग जुन्या मोटारीला मोकळें रानच मिळालें!” तसें नाहीं. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें पुरातन मोटारींसाठीं, म्हणजे ज्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात त्यांच्यासाठीं, स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें पुरीं झालेलें दुचाकी वा चारचाकी वाहन, मूळ स्वरूपांत राखलेलें, ज्याच्या सांगाड्यांत, बाह्यांगांत किंवा यंत्रांत मोठा फेरबदल झालेला नाहीं, तें या वर्गांत येतें. आमची बैल जुंपलेली ‘ऑक्सफर्ड’ आज असती, तर ती या परीक्षेंत नापास झाली असती, हें उघड आहे. अर्जासोबत विम्याचें पत्र, जुनें नोंदणीपत्र, आणि वाहन परदेशांतून आणलें असल्यास आयातीचा दाखला जोडावा लागतो. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचें ५,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षें चालते. नव्या नोंदणीच्या क्रमांकांत राज्याच्या अक्षरांपुढें ‘व्ही ए’ हीं अक्षरें येतात. जी गाडी आधींच नोंदलेली आहे, तिला आपला जुना क्रमांक राखतां येतो.

या नियमांतील सर्वांत महत्त्वाचें कलम शुल्काचें नसून वापराचें आहे. अशी मोटार नित्याच्या कामासाठीं किंवा धंद्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणें, दुरुस्ती, आणि या ठिकाणीं जाणें-येणें, एवढ्यापुरतीच तिला सडक मोकळी आहे. माझ्या मतें येथें एक न्याय्य देवघेव आहे. कायदा जुन्या मोटारीकडून पट्टा मागत नाहीं. त्या बदल्यांत तो तिच्याकडून रोजचा रस्ता मागून घेतो. वृद्धास घरांत मान असतो, पण त्याला कोणी नांगराला जुंपीत नाहीं, तसाच हा न्याय आहे.

खरा धोका या दोन वर्गांच्या मधोमध आहे. ज्यांना पन्नास वर्षें पुरीं झालेलीं नाहींत, पण ज्या १९९४ पूर्वींच्या आहेत, अशा मोटारी ना पुरातन ठरतात ना आधुनिक. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून बाहेर पडलेल्या पद्मिनी, कलकत्त्याकडील अँबॅसडर, आणि खेड्यापाड्यांतील उघड्या जीपा यांतल्या कित्येक या वर्गांत मोडतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते व पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं ती वाढवितां येते. अशा गाडीवर वापराचें बंधन नाहीं आणि पट्ट्याचेंही नाहीं. ती लग्नाला जाते, बाजाराला जाते, आणि मनांत आलें तर कितीही दूर जाते. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तो आमच्याच वर्धा जिल्ह्यांतून जातो. मोटारींसाठीं तेथील वेगमर्यादा ताशीं १२० किलोमीटर आहे. छप्पन्न मीटर खोल विहिरीचा तो हिशेब आतां पुन्हां आठवावा.

कायद्याची सूट ही निसर्गनियमाची सूट नव्हे, हें सांगण्यास दूर जावयास नको. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत, मुंबई-अहमदाबाद मार्गावर, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री मृत्यु पावले. ते मागील आसनावर होते व त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. मोटार उत्तम होती, पट्टाही होता. जेथें साधन हाताशीं असूनही असा प्रसंग ओढवतो, तेथें साधनच नसलेल्या मोटारीनें किती जपून असावें, हें निराळें सांगावयास नको.

मग जुन्या मोटारीच्या मालकानें स्वखुशीनें पट्टा बसवावा काय? बसवावा, परंतु विचारपूर्वक. पट्ट्याचें सामर्थ्य कापडांत नसून तो जेथें अडकविला आहे त्या जागेंत असतें. फार जुन्या मोटारींचें बाह्यांग पुष्कळदां लांकडी चौकटीवर पातळ पत्रा ठोकून केलेलें असे. अशा लांकडांत किंवा पत्र्यांत स्क्रू पिळून लावलेला पट्टा आघाताच्या क्षणीं जागेसकट उपटून येतो, व रक्षणाचा केवळ भास उरतो. उघड्या मोटारीला खांद्याजवळ खांबच नसल्यानें तीन ठिकाणीं अडकणारा पट्टा तींत नीट बसत नाहीं. तेथें कमरेचा पट्टा, तोही मुख्य सांगाड्यास पोलादी पट्टी देऊन जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. पुरातन म्हणून नोंदणी करावयाची असेल, तर सांगाड्यास भोकें पाडण्यापूर्वीं नोंदणी समितीचें मत घ्यावें. कारण मूळ स्वरूप हाच त्या नोंदणीचा प्राण आहे. १९६५ नंतरच्या कांहीं परदेशी मोटारींत पट्ट्यासाठीं जागा मुळांतच ठेविलेल्या असतात; त्या आधीं शोधून पाहाव्या. आणि पट्टा बसविणें शक्य नसेल, तर वेग कमी ठेवावा, मुलांना पुढें बसवूं नये, व महामार्ग टाळावा.

श्रोतेहो, जुनी वस्तु जपणें म्हणजे जुन्या काळचे धोकेही जपणें नव्हे. पितळी दिवे, चामड्याचीं आसनें, हातानें फिरवावयाची ती लोखंडी दांडी, हें सारें आपल्या नातवंडांनीं अवश्य पाहावें. पण तें दाखविण्यासाठीं आजोबा आणि नातवंडें दोघेंही सुखरूप घरीं परत आलीं पाहिजेत. कायद्यानें जेथें आपलें बोट सोडलें आहे, तेथें शहाणपणाचें बोट आपण स्वतः धरावें, इतकेंच माझें सांगणें आहे.