किरण आणि शरीराचे पहारेकरी

भाईंदरला गाडी पकडावी, दादरला उतरावे आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट विचारावी, हा प्रवास आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कुणी ना कुणी केलेला आहे. 28 फेब्रुवारी 1941 रोजी हे रुग्णालय उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली एका त्वचारोगाची नोंद प्रसिद्ध केली. धोतर कंबरेला जेथे घट्ट कसतात, तेथे वर्षानुवर्षे घासून होणारा हा कर्करोग! त्या काळी वैद्यांच्या हाती साधने मुख्यत्वे दोनच, शस्त्र आणि किरण.

मेलॅनोमा मात्र याहून क्रूर. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग आपल्याकडे विरळा; आढळला तर पुष्कळदा तळपायावर, आणि तीळ समजून दुर्लक्षिलेला. तो शरीरभर पसरला की शस्त्र थकते, आणि किरणही जेथे पडतील तेवढ्याच जागेचे.

यापुढची कथा न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात घडते. 1891 साली विल्यम कोली या शल्यवैद्याने गाठीने ग्रासलेल्या एका रोग्याला धावऱ्याचे जंतू मुद्दाम टोचले. ताप चढला आणि गाठ वितळू लागली. शरीराचे पहारेकरी जागे होऊन शत्रूवर तुटून पडतात, असा आजचा अर्थ. पण हा उपाय लहरी. 1895 साली रंटगेन यांना क्ष-किरण गवसले, रेडियमही आले, आणि त्यांची मात्रा मोजता येई. कोलींचे वरिष्ठ जेम्स यूइंग यांचा सारा भर किरणांवर. कोलींची पद्धत मागे पडली. आम्हांला यूइंगना फार दोष द्यावासा वाटत नाही. मोजता येणाऱ्या औषधावर वैद्याचा विश्वास बसणारच.

गंमत अशी की, किरणांनीच पुढे पहारेकऱ्यांची आठवण करून दिली. एका जागी किरण द्यावेत आणि दूरची गाठ आक्रसावी, या विलक्षण प्रकाराला मोल या संशोधकाने 1953 साली नाव दिले. 2011 साली पहारेकऱ्यांचा लगाम सैल करणारे इपिलिमुमॅब हे औषध मेलॅनोमासाठी मान्य झाले. 2012 साली कोलींच्याच संस्थेतून वृत्तांत आला. हे औषध चालू असलेल्या एका स्त्रीच्या कण्याजवळील गाठीवर किरण दिले, तो प्लीहेतल्या गाठीही लहान झाल्या! किरणांनी फुटलेल्या पेशींच्या अवशेषांवरून पहारेकरी शत्रू ओळखायला शिकत असावेत, असा तर्क आहे. परंतु बहुतेक रोग्यांत असे घडत नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

आणि पैसा? ही औषधे सामान्य संसाराला न पेलणारी. म्हणून परळच्या वैद्यांनी निव्होलुमॅब हे याच जातीचे औषध तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, देऊन पाहिले. रोग डोके व मानेचा, सोबत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले शेकडा 16 होते. ही जोड मिळालेले शेकडा 43.