अकरा-अकराच्या कांड्या

पेपेरो म्हणजे पेन्सिलीहून बारीक बिस्किटाची कांडी. धरायला टोकाशी थोडी जागा कोरी ठेवून बाकी सगळी चॉकलेटमध्ये बुडवलेली. लोट्टे कंपनीने ती 1983 साली कोरियात विकायला आणली. जपानमधली पॉकी तिच्या आधीची, 1966ची, आणि दोघींमधलं साम्य लपत नाही. पण 11 नोव्हेंबरला अशा कांड्या एकमेकांना द्यायची पद्धत कोरियातली. जपानने पॉकीचा दिवस 1999 साली सुरू केला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चांगवॉनला राहतो. कोरियाचा हा आग्नेय भाग म्हणजे योंगनाम. पद्धत इथल्याच शाळांमधून निघाली, असं सांगतात. 1990च्या दशकात शाळकरी मुली 11/11 या चार उभ्या रेघांच्या तारखेला एकमेकींना पेपेरो द्यायच्या आणि उंच, सडपातळ होण्याची इच्छा धरायच्या. त्या दिवसांत खप वाढलेला कंपनीच्या ध्यानात आला आणि 1997पासून तिने या दिवसाची जाहिरात लावून धरली. लोक त्याला कंपनीने काढलेला सण म्हणतात, ते मला पटत नाही. आधी मुली होत्या, जाहिरात मागून आली. सडपातळ होण्याची ती इच्छा मात्र मुलीची आई म्हणून मला टोचते. आता कोणी ती धरताना दिसत नाही, हे बरं झालं.

नोव्हेंबर लागला की दुकानांच्या दारातच खोक्यांचे मनोरे उभे राहतात. इथे आल्यावरच्या पहिल्या 11 नोव्हेंबरला लेकीला वर्गात कुणाशी धड बोलताही येत नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने बदामाच्या पेपेरोचं खोकं दोन्ही हातांनी, किंचित वाकून, तिच्यापुढे धरलं. खोक्याच्या मागे नाव लिहायची चौकट असते. तिथे लेकीचं नाव हंगुल लिपीत लिहिलं होतं. परक्या वर्गात आपलं नाव कुणीतरी मुद्दाम लिहून आणावं, याचं मोल मी कमी लेखणार नाही.

याच तारखेवर शेतकऱ्यांचाही हक्क आहे. चिनी लिपीतली दहा आणि एक ही चिन्हं एकाखाली एक लिहिली की ‘माती’चं चिन्ह होतं, म्हणून 1996 साली सरकारने 11 नोव्हेंबर हा शेतकरी दिन ठरवला. 2006पासून कृषी मंत्रालय त्या दिवशी गारेत्तोक खायला सांगतं. तीही कांडीच, पण तांदळाची. रोजचा तांदूळ भिजवून, दळून, वाफवून यंत्रातून दाबून काढतात. आमच्या गल्लीतल्या गिरणीत ती यंत्राच्या तोंडातून वाफाळत बाहेर येते, गिरणीवाल्या आजी तिला पाण्यात सोडतात आणि कात्रीने हातभर तुकडे कापतात. वास थेट मोदकाच्या उकडीचा. भाजून मधात बुडवून खातात. सुकवून चकत्या केल्या की नववर्षाच्या सूपात पडतात.

मंत्रालयाच्या आवाहनामागे कळकळ आहे. 1970 साली कोरियन माणूस वर्षाला सुमारे 136 किलो तांदूळ खायचा. 2023 साली 56 किलो.  म्हणून लेक शाळेत पेपेरो नेते, तेव्हा मी तिच्या शिक्षकांसाठी गारेत्तोकचा डबा सोबत देते. गिरणीवाल्या आजी आदल्या संध्याकाळीच विचारतात, किती तुकडे ठेवू?