मुरीगंगेपलीकडची वीज

काकद्वीपहून लाँचने मुरीगंगा ओलांडली की सागरबेट लागतं. संक्रांतीला गंगासागरच्या मेळ्यासाठी इथे लाखो यात्रेकरू लोटतात. बेटावर राहणाऱ्यांच्या नशिबी मात्र वर्षानुवर्षं रॉकेलचा दिवा होता. बाजारात कुणाचा डिझेल जनरेटर धडधडायचा, पण त्याचं डिझेलही होडीनेच यायचं.

एवढी रुंद नदी ओलांडून खांब-तारा न्यायच्या तर खर्च अफाट. म्हणून १९९३ साली स्थापन झालेल्या पश्चिम बंगालच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने वीज बेटावरच बनवायचं ठरवलं. शांतिपद गणचौधुरी हे अभियंते त्यात पुढे होते. १९९६ मध्ये कमलपूरला २६ किलोवॅटचं सौरकेंद्र सुरू झालं.

दिवसभर पॅनेलवर ऊन, खोलीत ओळीने मांडलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, आणि अंधार पडला की इन्व्हर्टरमधून घरोघरी वीज, तीही मोजकेच तास. बॅटऱ्यांत शुद्ध पाणी भरत राहणं हे कंटाळवाणं काम. पण ते चुकलं की सगळं केंद्र आडवं! वसुली ग्राहकांच्या सहकारी समितीकडे होती. हीच या योजनेची खरी हुशारी म्हणायला हवी, कारण थकबाकीदाराला शेजाऱ्यांनाच तोंड द्यावं लागे.

ढगाळ पावसाळ्यात नुसत्या उन्हावर भागेना. मग बेटावर पवनचक्क्या आल्या, जोडीला डिझेल राहिलंच. दूर पूर्वेकडच्या गोसाबा बेटावर १९९७ पासून लाकडाच्या वायूवर ५०० किलोवॅटचं केंद्र चाललं.

पुढे मुरीगंगेत उंच मनोरे उभे राहिले आणि मुख्य ग्रिडची तार सागरबेटावर पोचली.