जत्रा-यात्रांतील बालसुरक्षा (शिरूर व दौंड परिसर)

जत्रा-यात्रांतील बालसुरक्षा म्हणजे यात्रा, उरूस, पालखी सोहळा, आठवडे बाजार व करमणूक उद्याने अशा गर्दीच्या ठिकाणी पालकांपासून दुरावलेल्या मुलाचा शोध घेणे, ते सापडेपर्यंत त्याचे रक्षण करणे आणि ओळखीची खात्री करून त्याला योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करणे, यासाठी केली जाणारी व्यवस्था होय. या व्यवस्थेतील पहिली दोन कामे सर्वांच्या लक्षात राहतात. तिसऱ्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड या तालुक्यांतील परिस्थितीच्या आधारे या विषयाची माहिती दिली आहे.

गर्दीची ठिकाणे

शिरूर (घोडनदी) हे घोड नदीकाठचे गाव पुणे-अहिल्यानगर महामार्गावर वसले आहे. याच मार्गावर, शिरूरच्या अलीकडे, अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती आहे. तेथे भाद्रपद व माघ महिन्यांतील उत्सवांत आणि अंगारकी चतुर्थीला मोठी गर्दी होते. दौंड तालुक्यातून आषाढी वारीच्या वेळी संत तुकाराम महाराजांची पालखी जाते; यवत व वरवंड येथे तिचा मुक्काम असतो आणि पाटसनंतर रोटीचा घाट चढून ती बारामतीच्या बाजूला उतरते. सिद्धटेकचा सिद्धिविनायक अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात असला, तरी रेल्वेने येणारे भाविक दौंडलाच उतरतात.

याशिवाय चैत्र-वैशाखात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. छबिना, कुस्त्यांचा आखाडा, तमाशा, खेळण्यांची दुकाने आणि आकाशपाळणे हे त्यांचे ठरलेले स्वरूप असते. शहरातील मुलांना करमणूक उद्यानात जे मिळते ते येथील मुलांना जत्रेच्या मैदानात मिळते. फरक इतकाच की, उद्यानाला कुंपण व दरवाजे असतात. जत्रेला चारही बाजूंनी वाटा फुटलेल्या असतात. हा फरक वरवर किरकोळ दिसतो, परंतु शोधकार्याची सारी पद्धत त्यामुळे बदलते.

मूल चुकते तेव्हा

अगदी लहान मुलाला आपण चुकलो आहोत हे लगेच कळत नाही. ते खेळण्याच्या किंवा फुग्यांच्या मागे चालत राहते आणि ओळखीचा चेहरा दिसेनासा झाल्याचे जाणवल्यावर रडू लागते. मोठ्या मुलाला परिस्थिती कळते. पण रागावतील या भीतीने ते कोणाला विचारत नाही, स्वतःच घरचा रस्ता शोधू लागते. त्यामुळे पहिल्या प्रकारचे मूल बहुधा जवळपास मिळते, तर दुसऱ्या प्रकारचे एसटी स्थानकाकडे, महामार्गाकडे किंवा परतीच्या वाटेवर शोधावे लागते.

जवळ नदी, कालवा, विहीर वा शेततळे असल्यास शोधाची सुरुवात पाण्यापासून करावी, हा या विषयातील एक मूलभूत नियम आहे. गर्दीत उभे असलेले मूल अर्ध्या तासाने सापडले तरी चालते. पाण्याकडे गेलेल्या मुलाच्या बाबतीत तेवढा वेळ नसतो. दौंड भीमेच्या व शिरूर घोडच्या काठी असल्याने येथे हा नियम विशेष लागू पडतो. शिरूर व पारनेर तालुक्यांच्या सीमेवर निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. त्याच परिसरात मळगंगा देवीची यात्रा चैत्रात भरते. अशा जागी पात्राच्या कडेला स्वयंसेवक उभे करणे हे कोणत्याही ध्वनिक्षेपकापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

भ्रमणध्वनी आल्यापासून मूल हरवण्याची भीती ओसरली, असा समज आहे. प्रत्यक्षात भर गर्दीत संपर्कजाळे कोलमडते आणि नेमक्या त्या वेळी फोन लागत नाही. यासाठी 'चुकलो तर दीपमाळेपाशी थांबायचे' अशी एक जागा आधी ठरवून ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. आकाशपाळणा लांबून दिसत असला तरी ती खूण म्हणून चांगली नाही. एका मैदानात तसे अनेक पाळणे असतात. पालकाचा फोन क्रमांक मुलाच्या मनगटावर शाईने लिहावा किंवा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा. मुलाचे नाव मात्र कपड्यांवर वा पिशवीवर ठळक लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

पालखी सोहळ्यात ओळखीची एक वेगळी व्यवस्था आपोआप तयार झाली आहे. प्रत्येक दिंडीला रथापुढील किंवा रथामागील असा क्रमांक असतो. चुकलेल्या वारकऱ्याला, मग ते मूल असो वा वृद्ध, तो क्रमांक सांगता आला की त्याला त्याच्या दिंडीत नेऊन पोहोचवता येते.

पुकारा व ओळख पटवणे

यात्रा समितीच्या मंडपातून ध्वनिक्षेपकावर केला जाणारा पुकारा हे ग्रामीण भागातील शोधाचे मुख्य साधन आहे. त्याचे दोन प्रकार असून त्यांची पद्धत परस्परविरुद्ध असावी लागते. मूल हरवल्याचा पुकारा असेल, तर नाव, वय, कपड्यांचा रंग, केस, पायांतील चप्पल असा जेवढा तपशील देता येईल तेवढा द्यावा. मूल सापडल्याचा पुकारा असेल, तर शक्य तितके कमी सांगावे. 'एक लहान मूल मंडपात सुखरूप आहे, ज्यांचे असेल त्यांनी यावे' एवढे पुरेसे असते. मुलाचे नाव, फ्रॉकचा रंग आणि गालावरचा तीळ हे सर्व आधीच जाहीर केले, तर मूल न्यायला येणाऱ्याला विचारण्यासारखे काहीच उरत नाही. पुकारणारे बहुधा गावातील उत्साही तरुण असतात आणि हेतू चांगला असूनही नेमकी हीच चूक करतात. आई-बापांना धीर यावा म्हणून नाव पुकारावे, असाही एक पक्ष आहे. तसे केल्यास निदान दोन-तीन खुणा तरी राखून ठेवाव्यात.

मूल न्यायला आलेल्या व्यक्तीला प्रथम मूल दाखवू नये. अंगावर काय होते, कोठे जखमेचा व्रण आहे, घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हे विचारून घ्यावे. त्यानंतर मुलाला समोर आणून त्याचा प्रतिसाद पाहावा. 'हे तुझे बाबा ना?' असा प्रश्न मुलाला कधीही करू नये. घाबरलेले मूल मान डोलावते. 'हे कोण आहेत?' असे विचारावे. नेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नाव, पत्ता, वेळ व सही यांची नोंद घ्यावी. मूल एकाच व्यक्तीच्या खोलीत वा तंबूत ठेवू नये. किमान दोघे, त्यांत एक स्त्री, सर्वांना दिसेल अशा जागी त्याच्याजवळ असावेत.

भारतातील या कामाचे सर्वांत जुने व परिचित उदाहरण प्रयागच्या माघ व कुंभमेळ्यातील 'भूले भटके शिविर' हे होय. राजाराम तिवारी यांनी ते १९४६ साली सुरू केले. मेळ्यात ताटातूट झालेले भाऊ हा हिंदी चित्रपटांनी वापरून गुळगुळीत केलेला विषय असला, तरी या शिबिराने असंख्य ताटातुटी प्रत्यक्षात एका दिवसात मिटवल्या आहेत.

पोलीस व कायदा

'चोवीस तास वाट पाहा, मग तक्रार घेऊ' अशी अट भारतीय कायद्यात नाही. पूर्वी मूल हरवल्यास पोलीस ठाण्यात केवळ 'मिसिंग' दाखल होत असे. सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक झाले आणि विरुद्ध काही आढळेपर्यंत अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली असावी असे गृहीत धरून तपास करण्याचे ठरले. त्यामुळे अठरा वर्षांखालील मूल हरवल्यास गुन्हा अपहरणाच्या कलमाखाली नोंदवला जातो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली होत असे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली होतो. वृत्तपत्रांतील 'अपहरण' या शब्दावरून प्रत्येक वेळी मूल कोणी पळवलेच असा अर्थ वाचकांनी घेऊ नये.

शिरूरच्या पुलापलीकडे अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द सुरू होते. 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर अशा सीमावर्ती भागात घातक ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असणे अपेक्षित आहे. पालकांपासून दुरावलेले मूल ज्याला सापडेल त्याने चोवीस तासांच्या आत पोलीस, बालसाहाय्य सेवा, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळवले पाहिजे. न कळवणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. म्हणजे सापडलेले मूल दयेपोटी घरी नेऊन परस्पर सांभाळणे कायद्याला मान्य नाही. मुलांच्या साहाय्यासाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली; २०२३ पासून ती शासनामार्फत चालवली जाते व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे.

दौंड जंक्शन

जत्रेत चुकलेले मूल रेल्वेत बसले, तर शोधाचे क्षेत्र तासाभरात कित्येक पटींनी वाढते. दौंड येथून पुणे-मुंबई, सोलापूर, अहिल्यानगरमार्गे मनमाड आणि बारामती अशा चार दिशांना लोहमार्ग जातात. शिवाय मनमाडकडील काही गाड्या मुख्य स्थानकात न येता दौंड कॉर्ड लाइन या वेगळ्या स्थानकावरून पुण्याकडे वळतात. त्यामुळे केवळ जंक्शनचे फलाट तपासून शोध पूर्ण होत नाही.

स्थानकातील जबाबदारी रेल्वे सुरक्षा दल व लोहमार्ग पोलीस या दोन यंत्रणांत विभागलेली असते. पहिली केंद्राची, दुसरी राज्याची. प्रवाशांना १३९ या क्रमांकावर कळवता येते. रेल्वे सुरक्षा दलाच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत २०१८ ते मे २०२४ या काळात देशभरात ८४,११९ मुलांची सुटका झाल्याचे रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले. यांत चुकलेल्या मुलांबरोबरच घर सोडून आलेली मुलेही मोठ्या संख्येने आहेत.

अफवा

मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा ही बालसुरक्षेच्या नावाने होणाऱ्या हिंसेचे कारण ठरली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. मृत हे भिक्षुकीसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, सोलापूर जिल्ह्यातून आलेले लोक होते. चुकलेल्या मुलाचा हात धरून त्याला मंडपाकडे नेणाऱ्या अनोळखी माणसावरही असाच संशय येऊ शकतो. त्यामुळे सापडलेले मूल फार दूर न नेता जागीच थांबणे आणि जवळच्या दुकानदाराला अथवा पोलिसाला तेथे बोलावून घेणे अधिक सुरक्षित असते.

हरवलेल्या मुलाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पाठवणाऱ्यांनी मूल सापडल्यावर ते काढून टाकणे आवश्यक आहे. जुने संदेश वर्षानुवर्षे फिरत राहतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

चेंगराचेंगरी

२५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत व आगीत जवळपास ३०० भाविकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमण्यात आला होता. रेटारेटी सुरू झाल्यावर मुलाला हाताने ओढण्याऐवजी कडेवर किंवा छातीशी उंच धरावे, कारण लहान मुलाचे तोंड मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असल्याने त्याचा श्वास आधी कोंडतो.

करमणूक उद्याने

बंदिस्त उद्यानात मूल हरवल्यास दरवाजांवर लक्ष ठेवणे हा पहिला उपाय असतो. अमेरिकेत १९८१ साली फ्लोरिडातील एका दुकानातून ॲडम वॉल्श या सहा वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन त्याची हत्या झाली. त्याच्या नावाने 'कोड ॲडम' ही पद्धत १९९४ साली वॉलमार्ट दुकानांत सुरू झाली. मुलाचे वर्णन सर्व कर्मचाऱ्यांना कळवणे, बाहेर पडणाऱ्यांकडे लक्ष देणे, शोध घेणे आणि दहा मिनिटांत मूल न सापडल्यास पोलिसांना बोलावणे, असे तिचे टप्पे आहेत. खोपोलीजवळचे इमॅजिका किंवा तत्सम मोठ्या उद्यानांत अशी व्यवस्था राबवणे सोपे असते. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे कृषी पर्यटनासाठी शाळांच्या सहली येतात; तेथे शेतमळ्यांना दरवाजे नसल्याने दर तासाला मुलांची मोजणी करणे हाच खरा बंदोबस्त असतो.

ओळख सांगता न येणारी मुले

रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत परप्रांतीय कामगारांची कुटुंबे राहतात. गाळपाच्या हंगामात ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून टोळ्या येतात. या मुलांना मूळ गाव माहीत असते, पण सध्याचा मुक्काम कोणत्या फडावर वा चाळीत आहे हे सांगता येत नाही. काहींची भाषा मंडपातील कोणालाच समजत नाही. अशा वेळी त्याच भाषेचा एखादा कामगार किंवा फेरीवाला बोलावून आणणे उपयोगी पडते. आधारच्या जुन्या नोंदीवरूनही देशात अनेक मुलांची कुटुंबे सापडली आहेत. मात्र पाच वर्षांखालील मुलांच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेतले जात नसल्याने सर्वांत लहान मुलांना त्याचा उपयोग होत नाही.

पालक न मिळाल्यास मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. तिच्या आदेशाने मूल बालगृहात ठेवले जाते, त्याचे छायाचित्र व माहिती शासनाच्या हरवलेल्या मुलांच्या संकेतस्थळावर नोंदवली जाते आणि पालकांचा शोध चालू राहतो. शोधानंतरही कोणी पुढे न आल्यास, दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत समिती त्याला दत्तकासाठी मुक्त घोषित करू शकते.