आकाशात माणूस कशाच्या आधाराने टांगलेला असतो?

१/ २२ ऑक्टोबर १७९७. पॅरिसच्या आकाशात आंद्रे-जाक गार्नरँ याने फुग्याचा दोर कापला आणि छत्रीखाली प्रचंड हेलकावे खात तो जमिनीवर उतरला. त्याच्या अंगावर एकही पट्टा नव्हता. तो एका टोपलीत उभा होता. पॅराशूटचा इतिहास कापडाचा म्हणून सांगितला जातो. त्याची दुसरी, दुर्लक्षित बाजू म्हणजे माणूस त्या कापडाला बांधला कसा गेला.

२/ १८८९ साली मुंबईकरांनीही इंग्रज फुगेवाला पर्सिव्हल स्पेन्सर याची पॅराशूट-उडी पाहिली. त्या काळी छत्रीखालच्या कड्याला हातांनी लोंबकळत उतरण्याची रीत होती. मनगटे दमली, की सारे संपले.

३/ २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत लेस्ली आयर्विन याने विमानातून उडी घेतली आणि पाठीवरचे पॅराशूट हवेत स्वतःच्या हाताने उघडले. आता देहाचा भार मनगटांवर नव्हता. तो मांड्या, छाती आणि खांद्यांवरच्या पट्ट्यांनी वाटून घेतला होता. हाच आजच्या हार्नेसचा पूर्वज.

४/ जून १९७८. फ्रेंच आल्प्समधील मियुसी गावाजवळ काही पॅराशूटपटू चौकोनी पॅराशूट घेऊन डोंगरउतारावरून धावत निघाले. विमानाचा खर्च वाचवणे हा त्यांचा साधा हेतू होता. त्यातून पॅराग्लायडिंगचा खेळ वाढीस लागला. पुढे उड्डाणे लांबली, तेव्हा पट्ट्यांत लोंबकळणे असह्य झाले आणि हार्नेसला बैठक मिळाली.

५/ सुरक्षेसाठी मग पाठीमागे जाड गादी आली, राखीव पॅराशूट आले. स्थैर्यासाठी छातीवर तिरके, एकमेकांस छेदणारे पट्टेही काही काळ रूढ होते. पंख एका बाजूने मिटला, तर याच पट्ट्यांमुळे सावरणे कठीण होऊ शकते, असे अनुभवास आले आणि ते मागे पडले. अधिक घट्ट म्हणजे अधिक सुरक्षित, हे समीकरण तेथे मोडले.

६/ पुढची पिढी डोंगर चढून जाणाऱ्यांची होती. पाठीवर वाहायचे, म्हणून लाकडी फळी गेली, गादीच्या जागी हवेने फुगणारी पिशवी आली. काही हार्नेस तर अर्ध्या किलोहूनही हलके झाले. वजन घटले, तशी यंत्राने उचललेली जबाबदारी माणसाकडे परतली. वाऱ्यानेच फुगणारी पिशवी धावण्याच्या पहिल्या पावलांत जवळजवळ रिकामी असते. बारीक पट्टे उन्हाने आणि घासण्याने लवकर जीर्ण होतात.

७/ पुणे जिल्ह्यातील मावळात, कामशेतच्या टेकड्यांवर, पावसाळा ओसरला की रंगीत पंख दिसू लागतात. तेथेही नियम तोच: मांड्यांचे पट्टे सर्वांत आधी लावावेत, सर्वांत शेवटी सोडावेत. छातीचे बक्कल लावले आणि मांड्यांचे विसरले, तर पाय सुटताच देह खाली घसरतो आणि वैमानिक काखांवर लोंबकळतो. म्हणूनच छाती आणि मांड्यांचे पट्टे एकत्र जोडणारी रचना पुढे रूढ झाली.

८/ मापही जमिनीवरच जुळवावे. हार्नेस मजबूत तुळईला टांगून, पूर्ण सामानासह त्यात बसून पाहावे. खांद्यांचे पट्टे फार आवळले, तर बैठकीत सरकता येत नाही. फार सैल सोडले, तर देह मागे कलंडतो. दोन्ही बाजू समान असाव्यात. छातीचा पट्टा रुंद ठेवला, तर पंखाची हालचाल अधिक जाणवते. अरुंद केला, तर स्थैर्य वाटते, पण दोऱ्यांना पीळ पडण्याचा धोका वाढतो. योग्य अंतर पंखाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. राखीव पॅराशूटची मूठ न पाहता हाताला लागली पाहिजे. आणि हे सारे जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली.

९/ २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ एका हँग ग्लायडरच्या प्रवाशाचा हार्नेस जोडायचाच राहून गेला. तो दोन मिनिटांहून अधिक काळ केवळ हातांनी लोंबकळत राहिला आणि सुदैवाने बचावला. सव्वाशेहून अधिक वर्षांची प्रगती एका विसरलेल्या जोडणीने पुसली गेली. माणूस पुन्हा १८८९ च्या त्या कड्याशी येऊन पोहोचला. पट्टा इतिहासाने दिला आहे. तो लावणे मात्र प्रत्येक उड्डाणाला नव्याने करावे लागते.