लॅपटॉपला एकही वायफाय दिसत नाही? दुकानात नेण्याआधी एवढं बघा

स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि लॅपटॉपवर वायफायची यादीच रिकामी! घरात पहिला संशय राउटरवर जातो. पण अम्मीच्या मोबाइलवर तेच वायफाय चालत असेल, तर राउटरला उगाच बोल लावू नका.

काम अडलं असेल तर आधी ते उरका. अँड्रॉइड मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेथरिंग' चालू करा. वायफाय नसतानाही नेट मिळतं. फॉर्म भरा, दुरुस्ती नंतर.

शेजाऱ्यांची वायफाय दिसतात, फक्त आपलंच नाही? मग राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल. बरेच जुने लॅपटॉप फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरमध्ये २.४ पण चालू करून घ्या.

एकही नाव दिसत नसेल तर आधी एअरप्लेन मोड पाहा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं, काही लॅपटॉपवर ते 'एफएन'सोबत दाबावं लागतं. जुन्या मॉडेलला कडेला सरकवायचं बटणही असायचं. लहान मुलं लॅपटॉप घेऊन बसली असतील तर इथेच उत्तर सापडण्याची शक्यता जास्त!

नंतर 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' नको, कारण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनने मशीन पूर्ण बंद होत नाही, जुना बिघाड तसाच राहू शकतो.

तरीही नाही? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघा. खरं निदान इथे होतं. वायफायच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर अडॅप्टर बंद केलेला आहे. राइट क्लिक करून 'इनेबल' करा. पिवळा त्रिकोण असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरची भानगड. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. ते बटण फिकट असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या, भलत्या साइटवरून नको. आणि वायफायचं नावच यादीत नसेल, तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. अडकलेलं कार्ड कधी कधी याने परत दिसतं.

'नेटवर्क रीसेट' शेवटी करा. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून आधी लिहून ठेवा.

दुकानदार लगेच "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाला तर थांबा. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं त्यात असतं. आधी बॅकअप घ्या. कार्डच खराब असेल तर फॉरमॅटने काही होणार नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते कार्ड बदलता येतं. नाहीतर यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल लावा, लॅपटॉप उघडायचीही गरज नाही.